पाश्चात्त्य कलेचा इतिहास खान्देशात बसून कसा शिकायचा?

पेटची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो: "भारतीय कलेचा भाग जमतो, पाश्चात्त्य भाग डोक्यावरून जातो. कुठून सुरुवात करू?" त्याला नेहमीचं उत्तर म्हणजे एक लांबलचक माळ. ग्रीक, रोमन, बायझंटाइन, रोमनेस्क, गॉथिक, प्रबोधन, बरोक, रोकोको, नवअभिजातवाद, वास्तववाद, दृक्‌प्रत्ययवाद, घनवाद. प्रत्येक मण्यासमोर दोन चित्रकार आणि तीन चित्रं लिहायची, पाठ करायची, की पेपर सुटतो.

अडचण त्यानंतर येते. प्रवेश मिळतो, मार्गदर्शक विचारतात, "तुमचा प्रश्न काय?" आणि आपल्याकडे नुसती माळ असते. माळेतून प्रश्न निघत नाही. शिवाय मनात एक न्यूनगंड असतोच: मी देवपुरात राहतो, लूव्र पाहिलेलं नाही, इटालियन येत नाही, मी यावर काय संशोधन करणार?

या लेखात मी माळ बाजूला ठेवणार आहे. आपल्या अगदी जवळच्या एका चित्राबद्दल एका इंग्रज राजवटीतल्या कलाशिक्षकाने केलेलं एक विधान घेऊ आणि ते नीट समजून घ्यायला काय काय शिकावं लागतं ते बघू. पाश्चात्त्य कलेचा बराचसा इतिहास त्या एका विधानाच्या पोटात बसलेला आहे.

सोळाव्या लेण्यातलं चित्र

अजिंठा आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे, पण जळगावाहून जेमतेम साठेक किलोमीटर. तिथल्या १६ क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक स्त्री आहे. मान कललेली, डोळे मिटत आलेले, अंग सैल पडलेलं. मागून एक दासी तिला सावरते आहे, आजूबाजूच्या चेहऱ्यांवर काळजी आहे. इंग्रजीत हे चित्र 'मरणासन्न राजकन्या' या नावाने प्रसिद्ध झालं.

हे नाव जगभर नेण्यात मोठा वाटा जॉन ग्रिफिथ्स यांचा. साउथ केन्सिंग्टनला शिकलेले ग्रिफिथ्स १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आले आणि पुढे तिथले प्राचार्य झाले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. या चित्राबद्दल ग्रिफिथ्स यांनी जे मत दिलं त्याचा आशय असा: रेखाटनात फ्लॉरेन्सचे चित्रकार वरचढ ठरले असते, रंगांत व्हेनिसचे, पण भावदर्शनात या चित्रापुढे दोघांपैकी कुणीच गेलं नसतं.

आपण हे मत बहुतेक वेळा अभिमानाने उद्धृत करतो. गोऱ्या साहेबाने अजिंठ्याला इटलीच्या बरोबरीने बसवलं, इतकंच आपण त्यातून घेतो. तुम्ही संशोधक व्हायचं म्हणताय, तर जरा थांबून तीन गोष्टी विचारा. फ्लॉरेन्स आणि रेखाटन, व्हेनिस आणि रंग, या जोड्या कुणी लावल्या? ही स्त्री मरते आहे हे कशावरून? आणि पाचव्या शतकातल्या चित्राची तुलना हजार वर्षांनंतरच्या चित्रांशी का?

फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि एक बखर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जॉर्जो वासारी या माणसाकडे नेतं. वासारी स्वतः चित्रकार आणि वास्तुकार होता. त्याने इटलीतल्या कलावंतांची चरित्रं लिहिली. पहिली आवृत्ती १५५० ची, वाढवलेली दुसरी १५६८ ची. युरोपात कलेचा इतिहास म्हणून जे काही पुढे लिहिलं गेलं, त्याचा पाया बऱ्याच अंशी या ग्रंथात आहे.

वासारीची मांडणी सोपी आहे. कला माणसासारखी वाढते. जॉत्तोच्या काळात तिचं बालपण, मासाच्चोच्या पिढीत तारुण्य, आणि लिओनार्दो, राफाएल, मायकेलअँजेलो यांच्याकडे परिपक्वता. या चढणीचा कळस मायकेलअँजेलो. वासारी कुणाच्या आश्रयाला होता? फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या. मग कळस फ्लॉरेन्सच्या वाटेवर सापडला यात नवल नाही. त्याच्या मते रेखाटन ही सगळ्या कलांची आई. व्हेनिसचा तिशियन रंगांत थोर, पण रेखाटनाचा अभ्यास कमी, असा त्याचा सूर. व्हेनिसकडच्या लेखकांनी याला उत्तरं दिली, आणि रेषा मोठी की रंग मोठा हा वाद पुढे सतराव्या शतकात फ्रान्सच्या कला अकादमीतही गाजला.

म्हणजे ग्रिफिथ्स अजिंठ्याच्या अंधारात उभे होते तेव्हा त्यांच्या हातात तीनशे वर्षांपूर्वीची इटालियन फूटपट्टी होती. त्यांनी मुद्दाम आणली असंही नाही. त्यांच्या शिक्षणातूनच ती आलेली होती.

इथे मराठी इतिहासाचा विद्यार्थी एका बाबतीत सुदैवी आहे. बखर कशी वाचायची हे आपल्याला माहीत असतं. बखरीत माहिती असते, रंगवलेले प्रसंग असतात, आणि लिहवून घेणाऱ्याचा मान राखलेला असतो. आपण बखर फेकून देत नाही आणि आंधळेपणाने मानतही नाही. वासारी असाच वाचा. त्याच्या प्रत्येक स्तुतीपुढे पेन्सिलीने लिहा: हा कुठला? कुणाचा? कुणाच्या पैशावर लिहितोय?

ती राणी मरत नव्हती

आता दुसरा प्रश्न. पुढच्या अभ्यासकांनी या चित्राची कथा ओळखली. ही नंदाची गोष्ट आहे. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. बुद्ध भिक्षेला आले, नंद त्यांचं पात्र हातात घेऊन मागोमाग गेला आणि भिक्षू झाला. घरी त्याची बायको सुंदरी वाट बघते आहे. अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' या संस्कृत काव्याचा विषय हाच. चित्रात एक सेवक नंदाचा मुकुट घेऊन आलेला दिसतो. मुकुट परत आला म्हणजे नवरा परत येणार नाही. ते कळताच सुंदरी कोसळते.

तिला मरण आलेलं नाही. तिचा संसार संपला आहे. चित्रातला भाव ग्रिफिथ्स यांना अचूक जाणवला होता, कारण तो उत्तम चित्रकाराचा डोळा होता. पण कथा माहीत नसल्याने त्या भावाचं कारण मात्र चुकलं. मुकुट चित्रात होता, दिसतही होता, त्याचा अर्थ लागत नव्हता.

पाश्चात्त्य कलेतिहासात या अडचणीवर सर्वांत शिस्तीने विचार केला एर्विन पॅनोफ्स्की यांनी. हिटलरच्या काळात जर्मनीतलं प्राध्यापकपद गमावून ते अमेरिकेत गेले. १९३९ च्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी चित्र वाचण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली, डोळ्यांना काय दिसतं: बाई, मुकुट, दासी. दुसरी, ही कुठली कथा, हे कुठलं चिन्ह: सुंदरी, नंदाचा मुकुट. तिसरी, त्या काळाला, त्या समाजाला हे असं का दाखवावंसं वाटलं: राजघराण्याच्या आश्रयाने कोरलेल्या विहारात, जिथे भिक्षू राहतात, तिथे मागे राहिलेल्या बायकोचं दुःख इतक्या मायेने का रंगवलं?

तिसऱ्या पायरीवरचा प्रश्न बघा. तो संशोधनाचा प्रश्न आहे. पहिल्या दोन पायऱ्यांशिवाय तो सुचला नसता.

हेच उलट्या बाजूने करून बघा. एखादा परका माणूस श्रावणात धुळ्याला आला आणि त्याने कानबाईची मांडणी पाहिली. त्याला काय दिसेल? नटवलेला नारळ, नथ, हार, समोर रोट. पहिली पायरी तो पार करेल, दुसरीवर अडकेल. आपण युरोपातली चित्रं बघतो तेव्हा आपली गत तीच असते. पंखवाला तरुण, समोर संकोचलेली मुलगी, जवळ पांढरी लिली. ख्रिस्तजन्माची वार्ता सांगायला आलेला देवदूत आणि मेरी, हे माहीत नसेल तर चित्र नुसतं गोड वाटतं. म्हणून मध्ययुग आणि प्रबोधन शिकायचं असेल तर आधी बायबलमधल्या मुख्य कथा आणि ग्रीक-रोमन पुराणकथा मराठीत का होईना, वाचून काढा. शंभर चित्रांची नावं पाठ करण्यापेक्षा हे पंधरा दिवस जास्त उपयोगी पडतात.

पाचव्या शतकात युरोप काय रंगवत होता?

तिसरा प्रश्न काळाचा. १६ क्रमांकाचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवलं, हे तिथल्या शिलालेखातून कळतं. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. ग्रिफिथ्स यांच्या मनातले फ्लॉरेन्स आणि व्हेनिसचे चित्रकार पंधराव्या-सोळाव्या शतकातले. मधे हजार वर्षं आहेत.

आता एक कागद आडवा धरा, मधोमध रेघ मारा. वर युरोप लिहा, खाली दख्खन. खाली हरिषेण आणि अजिंठा लिहिलं की वर बघा काय येतं. ४७६ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला. त्याच शतकात इटलीत राव्हेन्ना इथे गाला प्लाचिदियाच्या समाधीमंदिरात निळ्या घुमटावर सोनेरी तारे काचेच्या तुकड्यांनी जडवले गेले. ५४७ मध्ये तिथेच सान व्हिताले चर्चचं समर्पण झालं, ज्यात सम्राट जस्टिनियन आणि राणी थिओडोरा सरळ आपल्याकडे बघत उभे आहेत. अंगाला गोलाई नाही, पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत, मागे सोनं.

वासारीला ही कला आवडत नव्हती. त्याच्या लेखी तो ऱ्हासाचा काळ. पण राव्हेन्नाच्या कारागिरांना शरीराची गोलाई दाखवायची नव्हती. त्यांना मेणबत्तीच्या उजेडात लुकलुकणारा दैवी प्रकाश हवा होता. म्हणूनच काचेचे तुकडे किंचित वेगवेगळ्या कोनांत बसवले. ज्याला जे करायचं होतं ते लक्षात न घेता आपण गुण दिले की इतिहासाची परीक्षा होते, अभ्यास होत नाही.

हा आडवा कागद जवळ ठेवला की माळेतल्या नावांची गंमतही कळते. बहुतेक नावं त्या त्या काळातल्या लोकांनी स्वतःला दिलेली नाहीत. 'गॉथिक' हे हिणवणं होतं, गॉथ टोळ्यांनी आणलेली रानटी शैली अशा अर्थाचं, आणि त्याचं मूळही वासारीच्याच पिढीकडे जातं. 'बरोक' हा शब्द वेड्यावाकड्या मोत्याशी जोडला जातो. 'दृक्‌प्रत्ययवाद' ज्यावरून आला तो फ्रेंच शब्द १८७४ मध्ये मोनेच्या एका चित्राच्या नावावरून लुई लरोआ या समीक्षकाने चेष्टेत वापरला. आणि 'प्रबोधन'? एका सबंध युगाला हे नाव पक्कं चिकटलं ते मिशले यांच्या १८५५ च्या आणि बुर्कहार्ट यांच्या १८६० च्या ग्रंथांमुळे.

१८५५, १८६०. याच आसपास, १८५७ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी देऊ केलेल्या एक लाख रुपयांतून मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. बर्लिन विद्यापीठात गुस्ताव वागेन यांना कलेतिहासाचे प्राध्यापक नेमलं ते १८४४ मध्ये. आणि त्याच १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांची अजिंठ्याची चित्रं उतरवण्यासाठी नेमणूक झाली. आपल्याला वाटतं की पाश्चात्त्य कलेचा इतिहास तिकडे केव्हाचा तयार होता आणि इथे आयता आला. प्रत्यक्षात तो तिकडे घडत होता तेव्हाच इकडे येत होता. ही मांडणी तेव्हा नवी, कच्ची आणि वादातली होती. तिला शाश्वत सत्य समजून पाठ करण्याचं कारण नाही.

'फ्रेस्को' म्हणताना जपून

अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास 'फ्रेस्को' म्हणतात. शब्द इटालियन, अर्थ 'ताजा'. चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावायचे. गिलावा वाळताना रंग त्यात कायमचा धरला जातो. यामुळे चित्रकार एका दिवसात पुरेल तेवढाच गिलावा लावतो. दिवसाच्या कामाचे सांधे भिंतीवर राहतात आणि ते मोजून चित्राला किती दिवस लागले याचा अंदाज करता येतो. जॉत्तोने १३०५ च्या सुमारास पादुआत असं काम केलं, मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये सिस्टीन चॅपेलच्या छतावर. लिओनार्दोने 'अंतिम भोजन' या चित्रात ही पद्धत टाळली, कोरड्या भिंतीवर रंगवलं, आणि त्याच्या हयातीतच चित्र खराब होऊ लागलं.

अजिंठ्याची पद्धत निराळी. खडबडीत कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग. म्हणून अजिंठ्यासाठी 'भित्तिचित्र' हा आपला शब्द जास्त प्रामाणिक आहे. प्रबंधात 'फ्रेस्को' लिहिलंत तर परीक्षक विचारतील, आणि विचारायलाच हवं.

या बाबतीत एका बाईचं नाव लक्षात ठेवा: क्रिस्तियाना हेरिंगहॅम. या इंग्रज चित्रकर्तीने चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराच्या १४०० च्या सुमाराच्या हस्तपुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर १८९९ मध्ये प्रसिद्ध केलं. रंग कसे वाटायचे, गिलावा कसा करायचा, अंड्याच्या बलकात रंग कसा कालवायचा याचं ते पुस्तक. नंतर १९०९ ते १९११ च्या दरम्यान त्याच हेरिंगहॅम अजिंठ्याला तंबू ठोकून राहिल्या आणि प्रतिकृती केल्या. मदतीला नंदलाल बोस, असित हलदार यांच्यासारखे तरुण चित्रकार होते. त्या प्रतिकृतींचा ग्रंथ १९१५ मध्ये लंडनहून निघाला. पाश्चात्त्य कलेचं ज्ञान अजिंठ्याला लावायचं तर ते असंही लावता येतं. गुण देण्याऐवजी भिंत कशी केली हे विचारता येतं.

अस्सल आणि नक्कल

आता त्या न्यूनगंडाकडे येऊ. मूळ चित्रं पाहिली नाहीत, मग संशोधन कसं?

आधी विंकेलमान यांचं उदाहरण. १७६४ मध्ये त्यांनी प्राचीन कलेचा इतिहास लिहिला. शैलीच्या वाढीचा आणि ऱ्हासाचा सुसंगत इतिहास म्हणून तो युरोपात पायाभूत मानला जातो. त्यात ग्रीक शिल्पाचा गौरव आहे. पण विंकेलमान ग्रीसला कधीही गेले नाहीत. ते रोममध्ये बसून लिहीत होते आणि समोर जी शिल्पं होती त्यांतली बरीचशी रोमन काळात केलेल्या नकला होत्या. मायरनचा थाळीफेक्या मूळ ब्राँझचा, इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमाराचा. तो हरवला. आपण बघतो त्या रोमन संगमरवरी नकला.

नकलेबरोबर चुकाही उतरतात. ग्रीक शिल्पं मुळात रंगवलेली असत. शतकानुशतकं जमिनीत राहून रंग गेला, पांढरा दगड उरला, आणि पांढरं म्हणजेच शुद्ध, हा समज पक्का झाला. त्या पांढऱ्या दगडांचे पांढरे प्लास्टरचे साचे युरोपभर कलाशाळांत गेले, तिथून मुंबईला जे. जे. त आले. आपल्या मुलांनी ते साचे समोर ठेवून वर्षानुवर्षं छायाप्रकाश गिरवला.

पण त्या नकलेतून काय निघालं तेही बघा. गणपतराव म्हात्रे विद्यार्थिदशेतच, १८९६ च्या सुमारास, 'मंदिरपथगामिनी' हे प्लास्टरचं शिल्प करतात. एका पायावर भार देऊन उभी राहण्याची ढब ग्रीक साच्यांतून शिकलेली. अंगावर मात्र नऊवारी, हातात पूजेचं साहित्य. वस्त्राच्या चुण्या हा ग्रीक शिल्पाचा आवडता विषय, आणि नऊवारीसारख्या चुण्या कुठे मिळणार? याला 'पाश्चात्त्य प्रभाव' म्हणून मोकळं होऊ नका. ब्रिटिश कलेतिहासकार मायकेल बॅक्सँडल यांनी दाखवून दिलंय की 'प्रभाव' हा शब्द कर्ता उलटा करतो. जणू ग्रीसने म्हात्र्यांना काही केलं. खरं तर म्हात्रे निवड करत होते. त्यांनी काय घेतलं, काय सोडलं, काय वाकवलं, अशी क्रियापदं वापरून बघा. वाक्य लगेच नेमकं होतं.

आणि कधी कधी नक्कलच पुरावा होऊन बसते. गिल यांनी वीसेक वर्षं खपून केलेल्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग ग्रिफिथ्स यांनी काम नव्याने सुरू केलं. त्यांच्या प्रतिकृती साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्याही अनेक नष्ट झाल्या. जे उरलं त्यावर त्यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंड काढले. इकडे मूळ चित्रांचे पापुद्रे गळतच होते. रंग उजळ दिसावेत म्हणून नकलाकारांनी भिंतीवर व्हार्निश फिरवलं. पुढे निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून बोलावलेल्या जीर्णोद्धारकांनी चित्रं पक्की केली खरी, पण त्यांनी वापरलेली लाख काळानुसार पिवळी पडली. इटलीतल्या भिंतींवर हात बसलेल्या माणसांनी, चांगल्या हेतूने, मातीच्या गिलाव्यावर काम केलं होतं.

म्हणून आज भिंतीवरून नाहीसा झालेला एखादा चेहरा फक्त प्रतिकृतीत शिल्लक असू शकतो. तेव्हा ती नक्कल दोन गोष्टींचा पुरावा असते: हरवलेल्या मुळाचा, आणि नक्कल करणाऱ्याच्या नजरेचा. या दोन्ही वेगळ्या काढणं हेच काम.

गिल १८७९ मध्ये भुसावळजवळ वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. स्टेशनवर गाडी बदलताना आपल्यापैकी किती जणांना हे माहीत असतं?

धुळेकरांना अस्सल-नक्कल हा भेद नवा नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आपल्या शहरात आहे. अस्सल कागद हाती घेतल्याशिवाय बोलायचं नाही, आणि नक्कल असेल तर ती कुणी, कधी, कशासाठी केली ते आधी विचारायचं, ही त्या परंपरेची शिस्त. ती कागदावरून चित्रावर आणली की झालं.

मोबाइलवरचं चित्र

आपली नक्कल मोबाइलवर येते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स या संग्रहालयांनी लाखो चित्रं मोफत, मोठ्या आकारात उपलब्ध केली आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ग्रिफिथ्स यांच्या वाचलेल्या प्रतिकृती दिसतात. ही नक्कल वाईट नाही, तिचे दोष मात्र माहीत हवेत. सगळ्यात मोठा दोष आकाराचा. 'मोनालिसा' साधारण ७७ बाय ५३ सेंटिमीटर. पिकासोचं १९३७ चं 'गेर्निका' साधारण साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. पडद्यावर दोन्ही तळहाताएवढी.

यावर साधा उपाय आहे. चित्राची मापं शोधा आणि खडूने किंवा सुतळीने तो आयत गच्चीवर आखा. 'गेर्निका'च्या आयतासमोर उभं राहिलात की बॉम्बहल्ल्याचं चित्र इतकं मोठं का, हे अंगाला कळतं. टिपण काढताना प्रत्येक चित्रासमोर पाच गोष्टी लिहा: माप, माध्यम, मूळ जागा, करवून घेणारा, आणि आज कुठे आहे. यातल्या 'मूळ जागा' आणि 'आज कुठे' यांच्यामधल्या अंतरातच बहुतेक वेळा गोष्ट दडलेली असते.

मूळ युरोपीय तैलचित्रं बघायची असतील तर पॅरिसचं तिकीट लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली आहेत. बडोद्याच्या चित्रसंग्रहालयातही आहेत. ती जमवणारे सयाजीराव गायकवाड मालेगावजवळच्या कवळाण्याचे. एका दिवसात सगळं बघू नका. तीन चित्रं निवडा आणि प्रत्येकासमोर अर्धा तास उभे राहा, बाजूने तिरकं बघा, रंगाचा थर कुठे जाड, कुठे पातळ ते लिहा. फोटोत हे येत नाही.

विषय सोडा, प्रश्न धरा

'पाश्चात्त्य कलेचा महाराष्ट्रातील कलेवरील प्रभाव' हा विषय झाला, आणि तो कुणालाही आयुष्यभर पुरेल. प्रश्न लहान असतो आणि त्याचं उत्तर चुकीचंही निघू शकतं. काही नमुने देतो.

एक. ग्रिफिथ्स यांच्या एका प्रतिकृतीची आजच्या भिंतीशी आणि गिल यांच्या छायाचित्रांशी तुलना केली तर नकलाकाराने स्वतःहून काय 'सुधारलं' ते दिसतं का? जे. जे. तल्या शिक्षणामुळे छटा, गोलाई वाढली का?

दोन. तुम्ही-आम्ही शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेली असते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. हा साचा ब्रिटिश काळातल्या चित्रकला शिक्षणातून चालत आला. खान्देशातल्या एखाद्या जुन्या शाळेच्या दप्तरात परीक्षेचे कागद, बक्षिसांच्या नोंदी, मागवलेली चित्रं आणि मॉडेलं यांची यादी असेल, तर त्यावरून गावोगावच्या मुलांना 'चांगलं चित्र' म्हणजे काय शिकवलं गेलं ते सांगता येईल का? यासाठी इटालियन लागत नाही. मोडी मात्र लागू शकते.

तीन. अमृता शेरगिल पॅरिसला शिकल्या, १९३४ मध्ये भारतात परतल्या आणि १९३६-३७ च्या दौऱ्यात त्यांनी अजिंठा पाहिला. त्यानंतरच्या १९३७ च्या चित्रांत आकृत्यांची मांडणी बदलली, असं म्हणतात. नेमकं काय बदललं ते तुम्ही दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवू शकाल का? शेजारी ठेवून बघण्याची ही रीत हाइनरिश व्होल्फलिन यांची. त्यांचा १९१५ चा ग्रंथ शैलींच्या जोड्यांवर उभा आहे.

चार. लिंडा नॉक्लिन यांनी १९७१ मध्ये विचारलं होतं की थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत, आणि उत्तर शोधताना त्या प्रतिभेकडे न जाता कलाशाळांच्या नियमांकडे गेल्या. जे. जे. त मुलींना कोणत्या वर्गात, केव्हापासून प्रवेश होता? अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद या दोघी चित्रकारांच्या मुली. घरात चित्रकार बाप नसलेल्या मुलींचं काय झालं?

हे चारही प्रश्न पाश्चात्त्य कलेतिहास शिकल्याशिवाय विचारता येणार नाहीत. वासारी, पॅनोफ्स्की, व्होल्फलिन, नॉक्लिन ही परीक्षेतली नावं इथे हत्यारं म्हणून उपयोगी पडतात. आणि चारही प्रश्नांचे पुरावे मुंबई, अजिंठा, नाहीतर तुमच्याच गावात आहेत.

या आठवड्यासाठी काम: तो आडवा कागद करा. वर युरोप, खाली दख्खन, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून १९४७ पर्यंत. १९४७ का, तर त्या वर्षी मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला, आणि त्यांना आधुनिक युरोपीय चित्रांची ओळख करून देणाऱ्यांत नाझींपासून पळून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर यांच्यासारखे लोक होते. प्रत्येक शतकात वर एक काम, खाली एक काम. कुठे खाली रिकामं राहिलं तर ती जागा तशीच सोडा. मराठी विश्वकोश उघडा आणि ती भरायचा प्रयत्न करा. जी भरणार नाही, तिच्याभोवती लाल पेनने गोल करा आणि मार्गदर्शकांकडे जाताना तो कागद बरोबर न्या.